मागायचं कुणाकडं

पिऊला कुणी हात लावलेला चालेना, तेव्हा बयाबाई घाबरल्या. ताप येऊन चार दिवस झाले होते, पण नुसत्या तापाचं त्यांनी मनावर घेतलं नव्हतं. लेकरांना ताप येतो, दोन-चार दिवस मुक्काम करतो, जातो. पण जी पोरगी एरवी आजीच्या मांडीवरून उतरायला तयार नसायची, ती भिंतीकडे तोंड करून पडली होती आणि उचलायला कुणी वाकलं की "नको, दुखतं" म्हणून किंचाळत होती. डोळे लालभडक, पण त्यांत ना पाणी ना चिपडं. ओठ फुटून त्यांवर रक्ताची खपली धरलेली. पाठीवर आणि मांड्यांवर लाल चट्टे.

"शेखर, हे साधं न्हाई," बयाबाई मुलाला म्हणाल्या. "मला ह्या लेकराचं लक्षण बरं दिसंना."

"डॉक्टर म्हणालेत ना आई, व्हायरल आहे म्हणून. थोडे दिवस लागतात." चंद्रशेखर मोबाइलमधून डोकं वर न काढता बोलला. पण मोबाइलवर तो दुसरं काही बघतच नव्हता. मुलांचा ताप, लाल डोळे, अंगावर चट्टे, असलं काहीबाही टाकून वाचत बसला होता, आणि जसजसं वाचत होता तसतसा त्याचा चेहरा उतरत होता.

चंद्रशेखर खिल्लारे तळोज्याच्या एका कारखान्यात माल तपासायच्या कामावर होता. त्याची बायको क्रांती कामोठ्याच्या शाळेत शिकवायची. लग्नाला बरीच वर्षं होऊनही पाळणा हलत नव्हता, आणि मग प्रियदर्शिनी झाली. तिची पिऊ कधी झाली ते कुणाच्या लक्षातही नाही. परभणीकडचं गाव सोडून बयाबाई खांदेश्वरच्या या चौथ्या मजल्यावर राहायला आल्या त्या या नातीपायीच. आल्या तेव्हा त्यांना वाटलं होतं, इथं आपला जीव रमायचा नाही. आता पिऊ साडेतीन वर्षांची होती आणि गावाकडचा कुणी "कधी येता?" म्हणाला की बयाबाई विषय बदलायच्या.

संध्याकाळी समोरच्या दारातल्या शुभदा पेडणेकर पेज घेऊन आल्या. मालवणकडच्या, पन्नाशी उलटलेल्या, एकट्याच राहायच्या. पिऊचं निम्मं खेळणं त्यांच्या घरात असायचं. पिऊकडं बघून त्या हातातलं भांडं खाली ठेवायचंच विसरल्या.

"आजी, राग मानू नका," त्या हळूच म्हणाल्या. "मीठ-मोहरी ओवाळून टाकू का? माझ्या मनाच्या समाधानासाठी."

"आमच्यात न्हाई करत, शुभदाताई."

"ठाऊक आहे हो. म्हणून तर विचारलं. नाहीतर गुपचूप नसती का टाकली?"

बयाबाईंना त्यांचा राग आला नाही. बाई मायेनं बोलत होती. पण क्रांती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, आणि तिनं एकदा शुभदाकडं आणि एकदा सासूकडं बघितलं. मग तिनं पेज वाटीत ओतून घेतली. तिच्या त्या बघण्यानं बयाबाईंचा रात्रभर डोळा लागू दिला नाही. 'हो म्हणाला असतात तर काय बिघडलं असतं?' असं त्या नजरेत होतं, की ते आपल्याच मनात होतं, हेच त्यांना ठरवता येईना.

सकाळी क्रांतीनं शाळेत कळवून टाकलं आणि कुणाला न विचारता रिक्षा बोलावली. पिऊला चादरीत गुंडाळून ती पुढं निघाली आणि मागून दोघं मायलेक.

कामोठ्यातल्या लहान मुलांच्या हॉस्पिटलात डॉक्टर ऋता नावाची तरुण बाई होती. तिनं पिऊचे ओठ बघितले, जीभ बघितली, मानेवरची गाठ चाचपली, हातापायांचे सुजलेले तळवे बघितले. मग ती स्टूल ओढून क्रांतीसमोर बसली. डॉक्टर अशी बसली की गोष्ट लांबणीची असते, एवढं बयाबाईंना कळत होतं.

"मला कावासाकीचा संशय येतोय," डॉक्टर म्हणाली.

बयाबाईंना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "ती तर फटफटी," त्या म्हणाल्या. "आमच्या सरपंचाकडं होती."

दुसऱ्या कुठल्या वेळी चंद्रशेखर हसून लोळला असता. आता त्यानं नुसता आईच्या हातावर हात ठेवला.

"नाव तेच आहे आजी, आजार वेगळा," डॉक्टर म्हणाली. "लहान मुलांना होतो. का होतो ते अजून नीट ठाऊक नाही. ताप, लाल डोळे, हे सगळं तर होतंच, पण आपल्याला काळजी वेगळ्याची आहे. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळ्यांना यात सूज येऊ शकते. म्हणून आज लगेच इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करू आणि एक औषध शिरेतून हळूहळू चढवू. दिवसभर चालेल ते. वेळेवर दिलं की बहुतेक मुलं पूर्ण बरी होतात."

क्रांतीनं एकामागून एक प्रश्न विचारले. औषध कसलं, त्याचा त्रास काय, किती दिवस राहावं लागेल. एखाद्या मुलाचा निकाल समजून घ्यावा तशी ती विचारत होती, आवाज अगदी सपाट. चंद्रशेखर कंपनीच्या विम्याचं बघायला धावला. बयाबाईंच्या कानात मात्र एकच शब्द राहिला. बहुतेक. बहुतेक म्हंजी समदे न्हाईत.

इको झाला. डाव्या बाजूची एक नळी किंचित फुगलेली निघाली. "अगदी थोडी," डॉक्टर म्हणाली, "पण आहे."

दुपारी औषध सुरू झालं. बाटलीतून थेंब इतक्या सावकाश पडत होते की बघणाऱ्याचा जीव कासावीस व्हावा. क्रांती पलंगाच्या एका अंगाला बसली, बयाबाई दुसऱ्या अंगाला. पिऊ गुंगीत होती. बयाबाईंनी डोळे मिटून मनातल्या मनात त्रिसरण म्हणायला सुरुवात केली, मग पंचशील, मग पुन्हा त्रिसरण. रोज सकाळी घरी मेणबत्ती लावून त्या हेच म्हणायच्या आणि पिऊ शेजारी बसून बोबड्या शब्दांत ओढत म्हणायची. इतक्या वर्षांच्या सवयीनं शब्द आपोआप येत होते. पण त्या शब्दांच्या खालून दुसरंच काहीतरी चाललंय हे त्यांच्या थोड्या वेळानं ध्यानात आलं. 'मला ने. माझं काय ऱ्हायलंय आता? हिला ऱ्हाऊ दे.'

त्या दचकल्या. कुणाला म्हणतोय आपण हे?

विहारात बाजीराव गुरुजी नेहमी समजावून सांगायचे, बुद्धांनी वाट दाखवली, ते काही देत नाहीत आणि घेतही नाहीत, त्यांच्याकडं मागायचं नसतं. बयाबाईंना ते पटलेलं होतं. तरुणपणापासून पटलेलं होतं. त्यांचे मालक बंडू खिल्लारे तालुक्याच्या धम्माच्या सभेला जाऊन आले आणि त्याच आठवड्यात त्यांनी देव्हाऱ्यातले देव फडक्यात बांधून नदीला नेऊन सोडले, तेव्हा सासू छाती पिटून रडली होती, पण बयाबाई घराच्या उंबऱ्यात ताठ उभ्या होत्या.

त्याच सालात त्यांचा थोरला, सदू, तापानं गेला. दोन वर्षांचा होता. अख्ख्या गावानं तोंडावर सांगितलं की हा मरीआईचा कोप आहे. सासूनं देव परत आणायचा हट्ट धरला. बयाबाई म्हणाल्या होत्या, "दोन वर्साच्या पोरावर राग काढती ती कसली आई?" ते वाक्य पुढं गावात बरेच दिवस फिरत होतं. मालकांनी ते वस्तीवरच्या बैठकीत चारचौघांना अभिमानानं सांगितलं होतं.

पण त्या वाक्याच्या मागं काय होतं ते मालकांनाही ठाऊक नव्हतं. रात्री अंथरुणावर पडल्यावर बयाबाईंच्या मनात यायचं, आणि त्यांचं खरं असलं तर? चाळीस वर्षांहून जास्त काळ तो प्रश्न त्यांनी दाबून ठेवला होता. चंद्रशेखर झाला, वाढला, शिकला, नोकरीला लागला, तसा तो प्रश्नही विरत गेला. आज या पांढऱ्या खोलीत, थेंब मोजत बसल्या बसल्या, तो पुन्हा त्यांच्या उरावर येऊन बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिऊचा ताप उतरला होता. चट्टे फिके झाले. तिनं पाणी मागितलं, मग बिस्कीट मागितलं, मग शुभदाच्या घरातली बाहुली मागितली. चंद्रशेखरनं तिचा फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवला.

त्या दिवशी रविवार होता. बाजीराव गुरुजी विहारातल्या सात-आठ बायाबापड्यांना घेऊन हॉस्पिटलात आले. वर एवढ्या माणसांना कोण सोडणार? तेव्हा ते खाली, अँब्युलन्स उभी राहते तिच्या शेजारच्या मोकळ्या जागेत बसले. चादर अंथरली, पाण्याचा तांब्या मध्ये ठेवला, पांढऱ्या सुताची गुंडाळी सगळ्यांच्या हातातून फिरवली आणि संकटातल्या माणसासाठी म्हणतात तो परित्राण पाठ सुरू झाला. वॉचमननं एकदा हटकलं, पण गुरुजींनी "लहान लेकरू हाय वर" म्हटल्यावर त्यानं खुर्ची उचलून थोडी पलीकडं नेली. शुभदा बाहुली द्यायला आल्या होत्या. त्याही चप्पल काढून सगळ्यांच्या मागं हात जोडून उभ्या राहिल्या. त्यांना एक अक्षर येत नव्हतं, पण पाठ संपेपर्यंत त्या हलल्या नाहीत.

बयाबाई बायकांमध्ये बसल्या होत्या. सूत बोटांत धरल्यावर त्यांना बरं वाटलं. एकटीनं म्हणताना जो आवाज खालून वर येत होता, तो सगळ्यांच्या आवाजात ऐकू येईनासा झाला.

"ताप गेला ना आता?" निघताना गुरुजींनी विचारलं.

"गेला."

"मग धीर धरा बयाबाई. तुमी तर आमाला धीर देनाऱ्या."

सोमवारी सकाळी पिऊला पुन्हा ताप चढला.

डॉक्टर ऋतानं कागद बघितले, पिऊला तपासलं आणि सांगितलं की थोड्या मुलांना पहिल्या औषधानं पुरतं बरं वाटत नाही. पुन्हा एकदा तेच औषध द्यायचं, जोडीला आणखी एक. इकोही पुन्हा करायचा. "घाबरू नका" असं ती या वेळी म्हणाली नाही, हे बयाबाईंच्या लक्षात आलं. क्रांतीच्याही आलं असावं. तिनं या खेपेला एकही प्रश्न विचारला नाही. पलंगाचा दांडा धरून ती उभी राहिली आणि म्हणाली, "जे करायचं ते करा, मॅडम. लवकर करा."

औषध बाहेरून मागवायचं होतं. ते मागवून चंद्रशेखर खाली गेला. औषध आलं, नर्सनं ते लावलंसुद्धा, तरी चंद्रशेखर आला नाही. फोन उचलेना. बयाबाई जिन्यापर्यंत जाऊन बघून आल्या. क्रांती म्हणाली, "येईल आई. बसा तुम्ही." पण तिचा आवाज असा होता की बयाबाई बसल्या नाहीत.

दुपार कलताना तो आला. शर्ट घामानं भिजलेला. तो थेट पिऊच्या पायाशी गेला, खिशातून काहीतरी काढलं आणि तिच्या उजव्या पायाला बांधलं. लाल-पिवळा दोरा. त्याच्या बोटाला कुंकू लागलेलं होतं.

बयाबाईंच्या अंगातून सणक गेली. विहारात उभा राहून हाच पोरगा जयंतीच्या दिवशी बोलला होता, आपल्या बापानं देव नदीत सोडले ते आपण परत घरात आणायचे नाहीत म्हणून. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. आणि आज हा बापाच्या नातीच्या पायाला दोरा बांधतोय. त्यांच्या जिभेवर शब्द आले होते, आणि ते चांगले नव्हते.

तेवढ्यात नर्स आली. पिऊच्या हाताच्या बोटांना सूज होती, म्हणून ठोके मोजायचा चिमटा पायाच्या अंगठ्याला लावायचा होता. तिनं तो दोरा बघितला आणि थबकली.

"हे काढू का? वायर अडकेल." तिनं तिघांकडं बघितलं. चंद्रशेखरनं मान खाली घातली. क्रांती सासूकडं बघायला लागली. नर्सनंही मग बयाबाईंकडंच बघितलं.

बयाबाईंना तो पाय दिसला. केवढासा तो पाय, तळवा अजून लाल, आणि त्याला बांधलेली ओबडधोबड गाठ. चंद्रशेखरला लहानपणी बुटाची नाडी बांधता यायची नाही, कायम अशीच गाठ मारायचा.

"ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या पायाला लावा की चिमटा."

नर्सनं डाव्या पायाला चिमटा लावला आणि ती निघून गेली. चंद्रशेखर खोलीबाहेर पडला. थोड्या वेळानं बयाबाई त्याच्या मागं गेल्या. तो जिन्याच्या पायरीवर बसला होता. त्या कठड्याला धरून सावकाश त्याच्या शेजारी बसल्या.

"शुभदाताई जात्यात त्या देवीला गेल्तास?"

"हं. त्यांनी नव्हतं सांगितलं, आई. मीच विचारलं त्यांना पत्ता." तो समोरच्या भिंतीकडं बघत बोलत होता. "तू बोल मला काय बोलायचं ते."

"बोलनारच होते."

"डॉक्टरनं सांगितलं ते सगळं केलं मी. विमा बघितला, औषधं आणली, रक्ताच्या बाटल्या तपासायला नेऊन दिल्या. परित्राणाला बसलो. आज सकाळी ताप परत आला आणि मला करायलाच काही उरलं नाही. खाली उतरलो तर पाय कुठं जातायत तेच कळेना. तिथं गेलो आणि मोठ्यानं म्हणालो, माझी पोरगी वाचव. पुजारी बघत राहिला माझ्याकडं. आई, मला ते कुणाला तरी म्हणायचं होतं गं. कुणालाही."

 बयाबाई जे मनातल्या मनात कुणाला तरी म्हणत होत्या, तेच हा एवढा मोठा बाप्या देवीपुढं मोठ्यानं म्हणून आला होता. त्यांचा राग कुठं गेला ते त्यांना कळलं नाही.

"शेखर," त्या म्हणाल्या, "तुझा सदूदादा गेला तवा लोक काय म्हनले ते तुला ठावं हाय."

"हो. आणि तू काय म्हणालीस तेही. अण्णा सांगायचे."

"मालक समद्यांना सांगायचे. म्या कुनाला सांगितलं न्हाई ते ऐक. मला भ्या वाटतं. तवापासून वाटतं. त्यांचं खरं असलं तर? देव सोडले म्हनून सदू गेला असला तर? आन आता ही…" त्यांनी पिऊच्या खोलीकडं बोट केलं.

चंद्रशेखरनं वळून आईकडं बघितलं. जन्मभर ज्या बाईला त्यानं कशाला डगमगताना पाहिलं नव्हतं, ती आज त्याच्याकडून उत्तर मागत होती.

"नाही आई," तो एकदम म्हणाला. "अजिबात नाही. सदूदादा गेला कारण गावात डॉक्टर नव्हता. तालुक्याला जायला गाडी नव्हती. तेव्हा पिऊचा हा आजार झाला असता तर ओळखलासुद्धा नसता कुणी. देवबिव काही नाही त्यात. कुणी कुणावर कोपलेलं नव्हतं."

"असं म्हनतूस?"

"शंभर टक्के म्हणतो."

"आन हे सांगतोस देवीला दोरा बांधून आल्यावर."

 चंद्रशेखरच्या तोंडातून एक विचित्र आवाज निघाला, हसण्याचा की रडण्याचा ते त्यालाही सांगता आलं नसतं. बयाबाईंचीही तीच गत झाली. दोघं मायलेक जिन्याच्या पायरीवर बसून हसत आणि डोळे पुसत राहिले. वर जाणारी एक मावशी बादली घेऊन त्यांना वळसा घालून गेली.

खोलीत परतले तेव्हा क्रांती पिऊच्या केसांतून बोटं फिरवत होती. तिनं दोघांचे चेहरे बघितले आणि फक्त म्हणाली, "मला काहीही चालेल. दोरा चालेल, पाठ चालेल, औषध चालेल. तुम्ही दोघं आपसात भांडू नका, एवढंच करा."

"न्हाई भांडलो," बयाबाई म्हणाल्या आणि सुनेच्या पाठीवर हात ठेवला. ती पाठ लाकडासारखी कडक लागली.

दुसऱ्या औषधानंतर ताप उतरला. उतरला तरी कुणी कुणाला फोटो पाठवले नाहीत. दर तासाला थर्मामीटर काखेत लावून आकडा बघायचा आणि कुणी काही बोलायचं नाही. एक दिवस गेला, दुसरा गेला. पिऊनं वरणभात खाल्ला. तिच्या बोटांच्या टोकांची सालं निघायला लागली तेव्हा बयाबाई घाबरून नर्सला बोलवायला धावल्या, तर नर्स म्हणाली, "असं होतंच आजी, बरं होताना होतं." दुसरा इको झाला. नळी तेवढीच फुगलेली होती, वाढली नव्हती. वाढली नाही हीच चांगली बातमी, असं डॉक्टर म्हणाली. रोज एक छोटी गोळी द्यायची, पडण्या-झडण्यापासून जपायचं, काही लसी पुढं ढकलायच्या आणि दीड महिन्यानं पुन्हा इको.

घरी आल्यावरचा तो दीड महिना हॉस्पिटलातल्या दिवसांपेक्षा अवघड गेला. तिथं निदान बटण दाबलं की कुणी यायचं. इथं पिऊ सोफ्यावरून उडी मारायची आणि तिघं तिला धरायला धावायचे. ती धावून दमली की बयाबाई तिच्या छातीला कान लावायच्या. पिऊला तो खेळ वाटायचा. ती मग आजीच्या छातीला कान लावून "तुझं पण वाजतं" म्हणायची.

एका संध्याकाळी चंद्रशेखर आईपाशी येऊन उभा राहिला. त्याचं काहीतरी अडलंय हे बयाबाईंना दिसत होतं.

"आई, मी तिथं बोललो होतो. पिऊ बरी झाली की तिला घेऊन येईन, ओटी भरीन म्हणून."

"मग?"

"मग काय करू? आता मला ते… आता मला ते खरं वाटत नाही. पण बोललोय."

क्रांती पोळ्या लाटत होती, तिचा हात थांबला. बयाबाईंनी भाजी निवडायची परात बाजूला सारली.

"पंचशिलात खोटं बोलायचं न्हाई असं म्हनतो ना आपन रोज?"

"म्हणतो."

"मग दिल्याला शबूद पाळ. ज्याला दिलास त्याला तू मान का मानू नको, त्यो तुझा प्रश्न. पर दिलास तर पाळ. मी बी येते संगं."

पुढच्या रविवारी ते सगळे शुभदाबरोबर गेले. पनवेलच्या अलीकडं, खाडीच्या बाजूला वसलेल्या जुन्या गावातली ती देवी होती, एका बाजूला नव्या इमारती आणि दुसऱ्या बाजूला कौलारू घरं. ओटी शुभदानं भरली, कारण क्रांतीला ती कशी भरतात ते येत नव्हतं. बयाबाई बाहेर पारावर बसून राहिल्या.

"आजी, तू का नाही येत?" पिऊनं दारातून ओरडून विचारलं.

'गुडघे दुखतात' असं बयाबाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. तसं म्हटलं असतं तर पोरगी गप्प झाली असती.

"मला हितंच बसायचं हाय," त्या म्हणाल्या. "तू जा. बघ आत काय काय हाय, मला येऊन सांग."

पिऊनं येऊन सांगितलं. आत एक मोठी घंटा आहे, एक मांजर आहे आणि खोबरं आहे. खोबऱ्याचा तुकडा तिनं मुठीत गच्च धरून आणला होता. बयाबाईंनी त्यातला अर्धा खाल्ला. खोबरंच ते.

इकोच्या दिवशी मात्र कुणाच्या घशाखाली काही उतरलं नाही. डॉक्टर ऋता पडद्याकडं बघत राहिली, उपकरण पिऊच्या छातीवर इकडून तिकडं फिरवत राहिली. पिऊ "थंड आहे, थंड आहे" म्हणून खिदळत होती. बयाबाईंनी आज त्रिसरण म्हणायला घेतलं तेव्हा खालून तो दुसरा आवाज आलाच. 'हिला ऱ्हाऊ दे.' त्यांनी या वेळी तो दाबला नाही. म्हणू दिलं त्याला काय म्हणायचं ते.

"छान," डॉक्टर म्हणाली. "नळी जवळजवळ नेहमीच्या आकाराला आलीय. गोळी बंद करू. पण हे असं थोड्या थोड्या महिन्यांनी बघत राहावं लागेल, एवढ्यात सुट्टी नाही."

"म्हंजी बरी झाली ना?" बयाबाईंनी विचारलं.

"आज बरी आहे, आजी. आजचा रिपोर्ट चांगला आहे."

बयाबाईंना आणखी काहीतरी ऐकायचं होतं, पण डॉक्टरनं तेवढंच दिलं. त्यांनी तेवढं घेतलं.

खाली येऊन रिक्षा केली. चंद्रशेखर पुढं रिक्षावाल्याच्या शेजारी टेकला, मागं सासू-सून आणि मध्ये पिऊ. रिक्षा कामोठ्याच्या चौकातून वळली आणि क्रांती रडायला लागली. इतक्या दिवसांत तिच्या डोळ्यांतून टिपूस निघालं नव्हतं. आता ती तोंडावर ओढणी दाबून, खांदे हलवत, आवाज करून रडत होती. पिऊ आधी बिचकली, मग आईच्या मांडीवर चढून तिची ओढणी ओढायला लागली.

रिक्षावाल्यानं वेग कमी केला आणि आरशातून मागं बघितलं. "काय झालं, मावशी? हॉस्पिटलात काही…?"

"काही न्हाई बाबा," बयाबाई म्हणाल्या. त्यांनी सुनेला जवळ ओढून घेतलं. "पोरगी बरी हाय. तू चल."